दोन अक्षरं आणि अर्धा तास

नर्सिंगच्या मुलामुलींना कायदा आणि नीती शिकवायला घेतलं की पहिल्या तासाला मी टेबलावर दोन व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या, ठेवते. एकीत पाण्यासारखं स्वच्छ औषध असतं, दुसरीच्या तळाशी पांढऱ्या पावडरीची चकती. दोन्हींची नावं कागद चिकटवून झाकलेली असतात. "यातलं मिडॅझोलॅम कुठलं?" असं विचारलं की ज्यांनी आयसीयूत पंधरा दिवस काढलेत ते सगळे पाण्यासारख्या औषधाकडे बोट दाखवतात. त्यांना नाव वाचावंच लागत नाही. मग मी पावडरची व्हायल उचलते आणि जिनं हीच पावडर गुंगी आणणारं मिडॅझोलॅम समजून विरघळवली त्या नर्सचं प्रकरण सांगायला सुरुवात करते.

तिचं नाव रेडोंडा व्हॉट. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात, व्हॅंडरबिल्ट युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटर या मोठ्या शिक्षण-रुग्णालयात ती काम करत होती. तिच्या हातून २६ डिसेंबर २०१७ रोजी चुकीचं औषध गेलं आणि रुग्ण दगावली. सव्वाचार वर्षांनी फौजदारी न्यायालयात तिला दोषी धरलं गेलं. तपासणीचा अहवाल, परवाना मंडळासमोरची सुनावणी, न्यायालयातल्या साक्षी, हे सगळं जाहीर झालेलं आहे. त्यामुळे काय घडलं ते एका एका पायरीनं पाहता येतं, आणि म्हणूनच मी हे प्रकरण निवडलं. रुग्णाचं नावही तेव्हा सगळीकडे छापून आलं, पण इथे त्याची गरज नाही.

त्या दिवशी काय घडलं

रुग्ण ७५ वर्षांच्या बाई. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून २४ डिसेंबरला त्यांना दाखल केलं होतं. न्यूरो आयसीयूत दोन दिवसांत तब्येत चांगली सुधारली आणि त्यांना आयसीयूतून बाहेर हलवायचं बोलणं सुरू झालं. २६ तारखेला त्यांना पेट स्कॅनसाठी खाली रेडिऑलॉजीत नेलं. त्या यंत्राच्या अरुंद पोकळीत पडून राहायची त्यांना भीती वाटत होती. काहीतरी द्या, असं त्यांनी सांगितलं आणि डॉक्टरांनी व्हर्सेडची ऑर्डर लिहिली. व्हर्सेड हे मिडॅझोलॅमचं ब्रँडचं नाव. भीती कमी करणारं, गुंगी आणणारं, आयसीयूत रोज हाताळलं जाणारं औषध. आयसीयूमधल्या कुणीतरी खाली जाऊन ते द्यायचं असं ठरलं.

व्हॉट त्या दिवशी मदतनीस नर्स होती. म्हणजे तिच्या नावावर ठरलेले रुग्ण नव्हते, जिथे हात कमी पडेल तिथे धावायचं. बरोबर शिकाऊ म्हणून एक नवी नर्स होती. दोघींना पुढे इमर्जन्सी विभागात एका रुग्णाची गिळण्याची तपासणी करायला जायचं होतं. जाता जाता रेडिऑलॉजीत हे एक इंजेक्शन द्यायचं, एवढंच.

तिथली औषधं संगणकाला जोडलेल्या कपाटात असतात. रुग्ण निवडायचा, औषधाच्या नावाची अक्षरं टाइप करायची, की त्या औषधाचा खण उघडतो. तिनं 'व्हर्सेड'ची पहिली दोन इंग्रजी अक्षरं टाइप केली, व्ही आणि ई. कपाटात औषध मिडॅझोलॅम या मूळ नावानं, म्हणजे एम खाली होतं, म्हणून ते दिसलं नाही. ऑर्डर अजून कपाटापर्यंत पोचली नसेल असं समजून तिनं ओव्हरराइड दाबलं. तातडीच्या वेळी फार्मसीच्या तपासणीची वाट न पाहता औषध काढता यावं यासाठी ती सोय असते. ओव्हरराइडमध्ये यादी मोठी होते. तिनं पुन्हा तीच दोन अक्षरं टाइप केली आणि वर आलेलं नाव निवडलं. या सगळ्या वेळात ती त्या नव्या नर्सला गिळण्याच्या तपासणीबद्दल समजावून सांगत होती.

खणातून बाहेर आलेलं औषध व्हेक्यूरोनियम होतं.

व्हेक्यूरोनियम काय करतं हे नीट समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी ते स्नायू सैल करायला वापरतात. हातापायांचे, गळ्याचे, छातीचे, श्वासपटलाचे असे हुकमानं हलणारे सगळे स्नायू काही मिनिटांत निकामी होतात, आणि नेहमीच्या मात्रेत साधारण २५ ते ४० मिनिटं तसेच राहतात. मात्र गुंगी येत नाही, वेदना कमी होत नाही. आधी भूल दिलेली नसेल तर माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येतं, आणि श्वास घेता येत नाही. हाक मारता येत नाही, बोटसुद्धा उचलता येत नाही. म्हणूनच हे औषध द्यायच्या आधी श्वास देण्याची सोय हाताशी लागते.

ती व्हायल

आता ती व्हायल डोळ्यांसमोर आणा. ती हातात आहे. वरचं टोपण अंगठ्यानं उडवायचं असतं आणि त्याच टोपणावर इंग्रजीत इशारा छापलेला आहे : सावधान, लकवा आणणारं औषध. आत द्रव नाही, पावडर आहे. ती वापरायची तर आधी त्यात पाणी किंवा सलाइन सोडायचं, व्हायल हलक्या हातानं फिरवायची, पावडर पूर्ण विरघळली का ते उजेडात बघायचं आणि मग सिरिंजमध्ये ओढायचं. या सगळ्याला मिनिटभर तरी लागतं, आणि तेवढा वेळ व्हायल तुमच्या बोटांत, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असते. व्हॉटनं व्हायल फिरवून किती पाणी घालायचं ते मागच्या बाजूला वाचलं. पुढच्या बाजूचं नाव वाचलं नाही.

वर्गात इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "असं कसं होईल?" मी त्यांना त्यांचीच ड्युटी आठवायला सांगते. रात्री दोन वाजता, तीन बेल एकदम वाजत असताना, सवयीच्या खणातून काढलेली व्हायल तुम्ही वाचता की ओळखता? आपण पुष्कळदा ओळखतो. आकारावरून, टोपणाच्या रंगावरून, खणाच्या जागेवरून. आणि ज्या दिवशी मनानं आधीच ठरवलेलं असतं की हे मिडॅझोलॅम आहे, त्या दिवशी समोर दिसतं त्याला मन आपल्या ठरवण्यात बसवून घेतं. पावडर पाहून तिला क्षणभर वेगळं वाटलं असेलच. मिडॅझोलॅमला कधी पाणी घालावं लागत नाही, हे तिलाही माहीत होतं. तो वेगळं वाटण्याचा क्षण पकडून हात थांबवणं, नर्सच्या कामातली सगळ्यात मोठी कायदेशीर जबाबदारी मला तिथे दिसते.

बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. हे पाच मुद्दे पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेले असतात. कायद्याच्या भाषेत ते काळजीचं मानक ठरतात : त्याच शिक्षणाची, साधारण सावध नर्स त्या जागी असती तर तिनं काय केलं असतं? निष्काळजीपणा सिद्ध करायला चार गोष्टी लागतात. नर्सवर रुग्णाची जबाबदारी होती, ती पाळली गेली नाही, त्यामुळेच इजा झाली, आणि इजा खरोखर झाली. या प्रकरणात चारही गोष्टींवर वाद घालायला जागा नव्हती. व्हॉटनंही घातला नाही.

ओव्हरराइडबद्दल मात्र वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. नुकतीच नवी संगणक प्रणाली आली होती, कपाट आणि फार्मसी यांचा मेळ बसत नव्हता, औषधं वेळेवर मिळत नव्हती, म्हणून ओव्हरराइड ही रोजची वाट झाली होती, असं तिनं सांगितलं. याच एका रुग्णासाठी तीन दिवसांत किमान २० वेळा ओव्हरराइड वापरावं लागलं, असंही ती म्हणाली. इशारे दिसले तरी ते पुढे ढकलत काम करायची सवय लागली होती. ज्यानं आयसीयूत काम केलंय त्याला यात काही नवल वाटणार नाही. दिवसभर वाजणारा अलार्म कानाला ऐकू येतो, पण मनापर्यंत पोचत नाही. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की इतके इशारे ओलांडणं म्हणजे धोका माहीत असून पुढे जाणं. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. यंत्रणेनं तिला घाईची वाट रोज चालायला लावली हे खरं. त्या वाटेवर यंत्राची तपासणी नाही, म्हणून स्वतःच्या डोळ्यांची तपासणी दुप्पट हवी, हेही तितकंच खरं. तिथे खाली स्कॅनच्या जागी बारकोड स्कॅनरही नव्हता. शेवटची चाळणी तिचे डोळेच होते.

त्या शिकाऊ नर्सचाही विचार माझ्या मनातून जात नाही. तिला तिथे शिकायला पाठवलं होतं. आपण नव्यांना तोंडानं जे सांगतो ते थोडं राहतं, हातांनी जे करून दाखवतो तेच उतरतं. औषध काढताना बोलणं बंद. नवी नर्स शेजारी असेल तर तिच्याकडूनच नाव मोठ्यानं वाचून घ्यायचं. असा साधा नियम असता, तर दोन अक्षरांवर थांबलेलं ते नाव त्या मुलीच्या तोंडून पूर्ण बाहेर पडलं असतं.

तो अर्धा तास

सगळ्यांचं लक्ष व्हायलवर खिळतं. माझं मात्र त्यानंतरच्या अर्ध्या तासावर खिळलेलं आहे.

व्हॉटनं रेडिऑलॉजीत जाऊन शिरेतून औषध दिलं आणि ती नव्या नर्सला घेऊन पुढच्या कामाला निघून गेली. बाई एकट्या राहिल्या. त्या जागेवर कॅमेरा होता, पण पडद्यावर पाहून श्वास चालू आहे की नाही ते कळत नव्हतं. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या रुग्णात वावगं काय दिसणार? सुमारे अर्ध्या तासानं, रुग्णांना ने-आण करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की त्या श्वास घेत नाहीत. नाडी लागत नव्हती. सीपीआर सुरू झाला, हृदय पुन्हा सुरू झालं, श्वासनलिकेत नळी घालून त्यांना वर आयसीयूत नेलं. पण तोवर प्राणवायूविना मेंदू गेला होता. घरच्यांशी बोलून यंत्रांचा आधार काढला, आणि २७ तारखेच्या पहाटे एकच्या सुमारास त्यांचं निधन झालं.

समजा, कपाटातून खरोखर मिडॅझोलॅमच आलं असतं. तरीही शिरेतून ते देऊन, मेंदूत नुकताच रक्तस्राव झालेल्या ७५ वर्षांच्या रुग्णाला मॉनिटरशिवाय सोडून जाणं चूकच होतं. मिडॅझोलॅमनं श्वास मंदावतो, थांबूही शकतो. त्याच्या माहितीपत्रकात सगळ्यात ठळक चौकटीत तोच इशारा असतो, आणि रुग्णावर सतत लक्ष ठेवा असंही तिथे लिहिलेलं असतं. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला असता तर सॅच्युरेशन घसरायला लागताच तो ओरडला असता. शेजारी पाच मिनिटं कुणी उभं असतं तरी छाती हलत नाही हे दिसलं असतं, अंबू बॅगनं श्वास देता आला असता. व्हेक्यूरोनियमचा परिणाम उतरेपर्यंत तेवढंच पुरलं असतं. म्हणजे चुकीचं औषध दिल्यानंतरसुद्धा त्या बाई वाचू शकल्या असत्या.

म्हणून मी मुलांना सांगते की औषध देणं हे काम सुई बाहेर काढल्यावर संपत नाही. परिणाम पाहणं हा त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो दुसऱ्यावर सोपवायचा असेल तर माणसाला नावानं हाक मारून सोपवायचा. "मी यांना अमुक औषध दिलंय, एवढं दिलंय, एवढ्या वाजता दिलंय. श्वासाकडे आणि सॅच्युरेशनकडे लक्ष ठेवाल का?" समोरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय तिथून हलायचं नाही. समोरच्याला जमत नसेल तर आपण थांबायचं, आणि पुढचं काम उशिरा होईल असा निरोप पाठवायचा. इमर्जन्सीतली ती तपासणी अर्धा तास थांबू शकत होती.

इथे संस्थेची बाजूही येते. नंतरच्या केंद्रीय तपासणीत नोंदवलं गेलं की अशा धोक्याच्या औषधांनंतर रुग्णाकडे कसं आणि किती वेळा पाहायचं, हे रुग्णालयाच्या धोरणात स्पष्ट नव्हतं. एक विभाग म्हणतो आम्ही देत नाही, दुसरा येऊन देऊन जातो, आणि रुग्ण दोन विभागांच्या मधल्या जागेत पडून राहतो. विभागांच्या सीमेवर रुग्ण कुणाचा, याचं उत्तर लेखी नसेल तर तो कुणाचाच नसतो.

"हे मी दिलं"

बाईंना वर आणल्यानंतर दुसऱ्या एका नर्सला उरलेलं औषध आणि व्हायल ठेवलेली पिशवी दिसली. तिनं व्हॉटला विचारलं, तू हेच दिलंस का? व्हॉटनं नाव वाचलं. त्या क्षणी तिला कळलं.

तिनं तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगितलं की मी व्हेक्यूरोनियम दिलंय. लपवलं नाही, वेळ काढला नाही, शिकाऊ मुलीकडे किंवा यंत्राकडे बोट दाखवलं नाही. चौकशीला आलेल्या प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं, वकिलाशिवायही सांगितलं. परवाना मंडळासमोर तर ती स्पष्ट बोलली की ही बाई आज नाही ती माझ्यामुळे.

नर्सच्या नीतीत या क्षणाचं वजन मला फार मोठं वाटतं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनं १९५३ मध्ये पहिली आचारसंहिता स्वीकारली, तिची अलीकडची आवृत्ती २०२१ ची आहे. नर्स आपल्या कामाला स्वतः उत्तरदायी आहे, हा तिचा गाभा. उत्तरदायी म्हणजे विचारलं की खरं उत्तर देणारी. आणि खरं लगेच सांगण्याला वैद्यकीय अर्थही असतो. कुठलं औषध गेलं हे कळलं तरच डॉक्टरांना उपचाराची दिशा कळते, घरच्यांना निर्णय घेता येतो, पुढच्या रुग्णाचा धोका टळतो.

चार्टवर, म्हणजे रुग्णाच्या उपचारांच्या नोंदीत, मात्र ते औषध नोंदवलं गेलं नाही. नोंद करू का, असं आपण वरिष्ठांना विचारलं आणि नवी प्रणाली ते आपोआप टिपेल असं उत्तर मिळालं, असं तिनं तपासणी अधिकाऱ्यांना सांगितलं. या एका बाबतीत मी तिला सूट देत नाही. जे औषध मी दिलं ते माझ्या हातानं, माझ्या सहीनं, वेळेसकट चार्टवर आलंच पाहिजे, वरचा माणूस काहीही म्हणो. न्यायालयात साक्षीदाराची आठवण पुसट होते. चार्ट जसाच्या तसा उभा राहतो, आणि त्यात जे नाही ते केलंच नाही असं धरलं जातं.

मग काय झालं ते वाचताना माझा जीव तुटतो. जिनं खरं सांगितलं तिला जानेवारी २०१८ च्या पहिल्या आठवड्यात कामावरून काढलं. रुग्णालयानं मात्र ही चूक राज्याच्या आरोग्य खात्याला कळवली नाही. मृत्यूची नोंद पाहणाऱ्या वैद्यकीय परीक्षकाच्या कार्यालयाला औषधाच्या चुकीबद्दल सांगितलं गेलं नाही, आणि मृत्यू मेंदूतल्या रक्तस्रावानं, नैसर्गिक कारणानं झाला असं दाखल्यावर आलं. कुटुंबाशी न्यायालयाबाहेर समझोता झाला, त्यावर न बोलण्याची अट होती. दहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, कुणीतरी नाव न देता केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे तक्रार केली, म्हणून अचानक तपासणी झाली आणि सगळं बाहेर आलं. रुग्णालयाला सरकारी विम्याचे पैसे बंद करू अशी ताकीद मिळाली, त्यांनी सुधारणेचा आराखडा दिला, तो मान्य झाला. रुग्णालयावर फौजदारी खटला झाला नाही.

चूक एका नर्सची होती, पण चूक लपली ती अनेकांच्या गप्प बसण्यानं. ज्यांना घाई नव्हती, ज्यांच्याकडे विचार करायला महिने होते, त्यांनी विचार करून गप्प बसायचं ठरवलं. मला ही जास्त मोठी नैतिक चूक वाटते आणि तसं मी वर्गात उघडपणे सांगते.

एका चुकीचे अनेक दरवाजे

कायद्याची घडी समजून घ्यायला हे प्रकरण फार उपयोगी आहे, कारण इथे एकाच घटनेचा न्याय वेगवेगळ्या ठिकाणी झाला, आणि प्रत्येक ठिकाणचा प्रश्न निराळा होता. दिवाणी कायदा विचारतो की नुकसान कुणी भरून द्यायचं. तो प्रश्न समझोत्यानं मिटला. परवाना मंडळ विचारतं की या व्यक्तीच्या हाती पुढचा रुग्ण सोपवावा का. टेनेसीच्या आरोग्य खात्यानं २०१८ मध्ये कारवाईची गरज नाही असं ठरवलं होतं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते उलट फिरलं, आणि जुलै २०२१ मध्ये मंडळानं तिचा परवाना रद्द केला. फौजदारी न्यायालय विचारतं की हा समाजाविरुद्धचा गुन्हा आहे का, शिक्षा व्हावी का.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला अटक झाली. आरोप बेपर्वाईनं केलेल्या मनुष्यवधाचा. मार्च २०२२ मध्ये ज्युरीनं तो आरोप फेटाळला, पण त्याखालचा, म्हणजे फौजदारी निष्काळजीपणातून झालेल्या मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध धरला, शिवाय असहाय व्यक्तीची घोर हेळसांड हाही. या दोन शब्दांतला फरक मुलांनी नीट धरावा. बेपर्वाई म्हणजे धोका दिसला होता आणि तरी तो जाणूनबुजून बाजूला सारला. फौजदारी निष्काळजीपणा म्हणजे धोका दिसायला हवा होता, कुणाही सावध माणसाला दिसला असता, पण हिला दिसलाच नाही, आणि हे न दिसणं साध्या चुकीच्या फार पलीकडचं होतं. ज्युरीनं तिला दुसऱ्या खणात ठेवलं. मे २०२२ मध्ये न्यायाधीशांनी तुरुंगवास दिला नाही. तीन वर्षं देखरेखीखाली ठेवलं, आणि ती नीट पार पडली तर दोष नोंदीतून पुसला जाईल अशी तरतूद केली. बाईंच्या घरातही एकमत नव्हतं. आईला तिनं तुरुंगात जावं असं वाटलं नसतं, असं काहींनी न्यायालयात सांगितलं, पण त्यांच्या पतीला शिक्षा हवी होती, हेही तिथे सांगितलं गेलं.

अमेरिकेतल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेनं या निकालावर काळजी व्यक्त केली. चुकांना गुन्हा ठरवलं तर चुका कळवणंच बंद होईल, हा त्यांचा मुद्दा. सुरक्षेच्या क्षेत्रात 'न्याय्य संस्कृती' नावाचा विचार आहे, तो डेव्हिड मार्क्स यांनी रुजवला. साध्या मानवी चुकीला धीर द्यायचा आणि यंत्रणा सुधारायची. सवयीनं धोक्याची वाट धरणाऱ्याला समज द्यायची, शिकवायचं. जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याला शिक्षा करायची. या मापानं पाहिलं तर व्हॉट मला मधल्या जागी दिसते. ओव्हरराइड, नाव न वाचणं, रुग्णाला सोडून जाणं, हे सगळं सवयीनं बोथट झालेल्या हाताचं काम आहे. परवाना रद्द होणं मला कठोर पण समजण्यासारखं वाटतं, कारण मंडळाचं पहिलं देणं पुढच्या रुग्णाशी आहे. गुन्हेगार ठरवणं मात्र मला पटत नाही.

एका वर्षी तासाच्या शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तिनं सांगितलंच नसतं तर? पिशवी कचऱ्यात टाकली असती तर?" वर्ग एकदम शांत झाला. मी खोटं बोलू शकले नाही. मी म्हणाले, "कदाचित नोकरी राहिली असती. कदाचित खटलाही झाला नसता." मग आम्ही तास संपल्यावरही बसलो आणि एका वहीच्या पानावर लिहून काढलं की चूक लक्षात आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं. आधी रुग्ण : श्वास, नाडी, सॅच्युरेशन, मदतीला हाक. मग डॉक्टरांना औषधाचं नाव, मात्रा, वेळ, गोल गोल न बोलता. व्हायल आणि सिरिंज फेकायच्या नाहीत, बाजूला ठेवायच्या. चार्टवर जे घडलं तेवढंच, मत न घालता, स्वतःच्या सहीनं. घटना-अहवाल त्याच ड्युटीत. आणि शेवटी त्या मुलीनंच जोडलं : "कुणाला तरी सांगायचं की मला आता एकटं सोडू नका." चूक करणारी परिचारिकाही त्या घटनेत जखमी होते. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये अशा व्यक्तीला 'दुसरा बळी' म्हटलं, आणि तेव्हापासून त्यावर बोललं जाऊ लागलं.

नंतर काही गोष्टी बदलल्या. कपाटात औषध शोधताना दोन नव्हे, किमान पाच अक्षरं टाइप करायला लावा, अशी शिफारस औषध-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेनं केली. पाच अक्षरं असती तर व्हर्सेड शोधताना व्हेक्यूरोनियम समोर आलंच नसतं. शेजारच्या केंटकी राज्यानं २०२४ मध्ये कायदा करून सेवा देताना झालेल्या चुकांबद्दल आरोग्य कर्मचाऱ्यांना फौजदारी खटल्यापासून संरक्षण दिलं. त्या कायद्यातही घोर निष्काळजीपणाला आणि हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याला सूट नाही. म्हणजे हेच प्रकरण केंटकीत घडलं असतं, तरी व्हायलचं नाव न वाचणं घोर की साधं, हा प्रश्न तिथेही विचारला गेलाच असता.